वावरातली समाधी: मालकी, वाटणी आणि विक्रीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या कोर्टात माझं टेबल आहे आणि माझ्याकडचं बहुतेक काम जमिनीच्या कागदांचं. वाटणी, खरेदी, फेरफार असं सगळं बोलून झालं, फाईल बांधली, की चपलेत पाय घालता घालता पक्षकार विचारतो, "आणि वकीलसाहेब, वावरात आमच्या आज्याची समाध आहे, तिचं काय?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. इथे तेच प्रश्न एकत्र केले आहेत. लिंगायत, गोसावी, नाथपंथी, महानुभाव अशा दफन करणाऱ्या घरांतून ते जास्त येतात; पण अग्नी देऊन नंतर रक्षेवर ओटा बांधणारी घरंही कमी नाहीत. चर्चच्या दफनभूमीबद्दल आणि कबरस्तानाबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

समाधी आमच्या पणजोबांची. मग तिचा मालक कोण?

ज्याची जमीन, त्याची समाधी. ऐकायला कठोर वाटतं, पण दगड, ओटा, घुमटी, जे काही जमिनीत पक्कं रोवलेलं आहे ते जमिनीबरोबर जातं. कायदा माणसाचा वारसा मोजतो तो गटाच्या क्षेत्रावरून. आत कोण निजलंय हे तो विचारत नाही. पणजोबांचे चाळीस वंशज असोत, ज्या गटात समाधी आहे तो गट आज ज्याच्या नावावर आहे, तोच तिचा मालक. बाकीच्यांकडे उरतो तो जाण्यायेण्याचा, नारळ फोडण्याचा, चुना लावण्याचा हक्क, आणि तोही सिद्ध करता आला तर.

7/12 वर समाधीचा उल्लेखच नाही. म्हणजे हक्क गेला का?

नाही. 7/12 वर समाधीसाठी वेगळा रकानाच नाही. बहुतेक समाध्या कागदावर कुठेच नसतात. त्या फक्त बांधावरच्या लिंबाखाली असतात. जुना पुरावा हवा असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात टिपण (जुन्या मोजणीचा नकाशा), फाळणी नकाशा (गटाचे हिस्से दाखवणारा) आणि गावनकाशा काढून बघा. देऊळ, विहीर, थडगं यांच्या खुणा कधी कधी सापडतात. जुन्या खरेदीखतातल्या चतुःसीमाही वाचा. "पूर्वेस अमक्याची समाध" अशी एक ओळ मला एकदा हातानं लिहिलेल्या जुन्या दस्तात मिळाली होती, आणि त्या एका ओळीवर अख्खा वाद मिटला.

कागद नसेल तर आजपासून तयार करायला लागा. पुढच्या मोजणीच्या वेळी भूकरमापकाला समाधी दाखवा आणि 'क' प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, तिची जागा येईल असं पाहा. पुण्यतिथीचे फोटो तारखेसह ठेवा. शेजारच्या बांधकऱ्याला साक्षीला धरा.

आमच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' दिसतो. तो समाधीचाच असेल का?

असेलही, नसेलही. पोटखराबा म्हणजे गटातलं लागवडीबाहेरचं क्षेत्र, आणि त्याचे दोन वर्ग आहेत. वर्ग 'अ' म्हणजे खडक, नाला, खळं, गोठा अशी लागवडीला न येणारी जागा. वर्ग 'ब' म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली किंवा इतरांच्या वापरातली जागा: वहिवाटीचा रस्ता, लोक पाणी भरतात असं तळं, आणि एखाद्या समाजाची दफनाची किंवा दहनाची जागा. तुमच्या एका घरापुरती दोन समाध्या असलेली जागा बहुधा 'अ' मध्येच मोडते. पण उताऱ्यावर 'ब' वर्गात क्षेत्र दिसत असेल, तर ती जागा एकेकाळी भावकीच्या नव्हे, तर अख्ख्या समाजाच्या वापरात होती का, हे जुन्या माणसांना विचारा. फरक मोठा आहे. 'अ' वर्गातली जमीन सुधारून लागवडीखाली आणता येते, 'ब' वर्गातली येत नाही.

वाटणीत समाधी चुलतभावाच्या हिश्श्यात गेली. आता तो जाऊ देत नाही.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि माझ्या घरचाही. आमच्या पणजोबांची समाधी वडिलांच्या वाटणीत चुलत्यांकडच्या तुकड्यात गेली. त्या वेळी कुणी काही लिहिलं नाही, कारण "आपलंच आहे की, कोण अडवतंय?" पुढे चुलतभावानं ट्रॅक्टर घेतला. वाटणीनंतरच्या प्रत्येक मशागतीत फाळ ओट्याच्या थोडा आणखी जवळ गेला. आधी ओट्याभोवतीची दोन हात जागा गेली, मग पायरी गेली, मग नंदीच्या मागचा कोपरा. एका अमावास्येला मी नारळ घेऊन गेलो, तर समाधीला टेकून तुरीच्या ओळी उभ्या. भांडण झालं नाही. मी तुरीतून वाट काढत गेलो आणि परत येताना माझ्या धोतराला लागलेल्या शेंगा भावजयीनं हसत काढल्या. पण त्याच दिवशी ठरवलं की पक्षकाराच्या वाटणीपत्रात हे कधी सुटू द्यायचं नाही.

वाटणी अजून व्हायची असेल तर उपाय सोपा आहे. विहीर कशी सामाईक ठेवतात? ज्याच्या तुकड्यात विहीर, त्याच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात बाकीच्यांची पाणीपाळी लागते. समाधीचंही तसंच करा. वाटणीपत्रात लिहा की समाधी, तिच्या भोवतालची अमुक फूट जागा आणि बांधावरून तिथवरची पायवाट यावर सगळ्या हिस्सेदारांचा व त्यांच्या वारसांचा सामाईक वापराचा हक्क राहील. फूट लिहा, दिशा लिहा, हातानं का होईना नकाशा जोडा. तहसीलदारांपुढे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप होत असेल, तर जबाबातच हे येऊ द्या. नंतर फेरफार धरताना ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या तलाठ्याला, ती ओळ दाखवा. तो स्वतःहून शोधणार नाही.

वाटणी होऊन गेली असेल तर वहिवाट सिद्ध करावी लागते. सुखाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी असा वापर करण्याचा हक्क. 1882 च्या सुखाधिकार कायद्यात 20 वर्षं उघडपणे, शांततेनं, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापर झाला असेल तर हक्क मिळतो. 'हक्क म्हणून' या शब्दांकडे लक्ष द्या. दर वेळी "येऊ का रे?" असं विचारून जात असाल, तर ती परवानगी झाली. शिवाय असा सुखाधिकार कुणाच्या तरी जमिनीच्या उपभोगासाठी असतो. तुमची स्वतःची जमीन शेजारी असेल तर बाजू भक्कम. शेजारी एक गुंठाही उरला नसेल तर घराण्याच्या किंवा गावच्या रूढीचा आधार घ्यावा लागतो, आणि तो पुरावा जास्त कष्टाचा.

मामलेदार कोर्टात दावा लावून वाट मोकळी करता येईल का?

1906 चा मामलेदार कोर्ट कायदा शेतीच्या वाटेसाठी आणि पाण्याच्या प्रवाहासाठी आहे, आणि तिथे अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांत जावं लागतं. तीच वाट तुमच्या शेतालाही जात असेल तर जरूर जा. फक्त नारळ फोडायला जाण्याची वाट असेल, तर ती त्या कायद्यात बसवणं म्हणजे ओढाताण. दिवाणी कोर्टात मनाईचा दावा लावा.

सगळी जमीन विकायची, फक्त समाधीचा 1 गुंठा नावावर ठेवायचा. चालेल ना?

इथेच लोक फसतात. राज्याच्या बहुतेक भागात 2023 च्या अधिसूचनेनंतर जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याची किमान मर्यादा, 20 गुंठे आणि बागायतीचं 10 गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा निर्माण होईल असं हस्तांतर किंवा वाटप 1947 च्या तुकडेबंदी कायद्याला चालत नाही. विहीर, शेतरस्ता, घरकुल यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची सोय आहे. समाधी त्या यादीत नाही. म्हणजे दोन एकर विकून 1 गुंठा मागे ठेवला, तर तो मागे राहिलेला गुंठाच तुकडा ठरतो.

जमीन मोठी असेल तर समाधीच्या बाजूचे 20 गुंठे ठेवून बाकी विका. हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. तेवढी सोय नसेल तर पुढचा प्रश्न वाचा.

मग खरेदीखतात काय लिहायचं?

"समाधीस जाण्यास हरकत नाही" एवढी एक ओळ लिहून लोक निश्चिंत होतात. त्यात दम नाही. ती नुसती परवानगी ठरते, आणि सुखाधिकार कायद्याच्या कलम 59 प्रमाणे परवानगी देणाऱ्यानं जमीन पुढे विकली की नव्या मालकावर ती बंधनकारक राहत नाही. आज घेणारा भला माणूस असतो. तो तीन वर्षांत प्लॉटिंगवाल्याला विकतो, आणि मग तुमच्याशी बोलायला कुणी नसतं.

मी साधारण असं लिहितो: "सदर गटाच्या ईशान्य कोपऱ्यातील समाधी, तिच्या चहूबाजूंची दहा फूट जागा व उत्तरेकडील बांधावरून तिथपर्यंत सहा फूट रुंदीची पायवाट यावरील वापराचा हक्क लिहून देणार यांनी स्वतःसाठी व वारसांसाठी कायम राखून ठेवला असून, तो लिहून घेणार व त्यांच्यानंतर जमीन धारण करणारे सर्व यांच्यावर बंधनकारक राहील." विकणाऱ्याचा शेजारी दुसरा गट उरत असेल तर त्याचा नंबर घालून, हा हक्क त्या गटाच्या लाभासाठी आहे, असंही लिहितो. मग हा मजकूर फेरफारात आणून 'इतर हक्क' रकान्यात चढवतो. पुढचा खरेदीदार 7/12 बघतोच. त्याला "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही. भावात थोडा मार बसतो, हे मान्य. पण तो आत्ताच बसू द्या.

घेणाऱ्यानं जेसीबी लावून समाधी उखडली. फौजदारी होते का?

भावना दुखावण्याच्या किंवा मृताची विटंबना करण्याच्या हेतूनं दफनाच्या जागी घुसखोरी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेचं कलम 297 तेच. शिक्षा एक वर्षापर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. अडचण दोन ठिकाणी येते. तो स्वतःच्या जमिनीत उभा असतो, आणि हेतू सिद्ध करावा लागतो. "मला सपाटीकरण करायचं होतं" असं तो म्हणणार. म्हणून अशी कुणकुण लागली की पोलीस ठाण्याच्या आधी कोर्टात मनाई हुकूम मागा. उखडून झाल्यावर कोर्ट दगड परत बसवून देईल, जुनी माती कुठून देणार?

लग्न झालेल्या बहिणींना समाधीवर काही हक्क?

भावाइतकाच. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 2 मध्ये वीरशैव आणि लिंगायत यांची नावंच घातलेली आहेत, त्यामुळे "आम्हाला तो कायदा लागत नाही" हा युक्तिवाद चालत नाही. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये मुलीला सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखी वाटेकरी, केलं. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्मानंच असल्याचं सांगितलं. 2005 मध्ये वडील हयात असायला हवेत, अशी अट नाही. बहिणीनं हक्कसोड केलं असेल तर जमिनीतला वाटा गेला, पण त्याच हक्कसोडपत्रात समाधीवर येण्याचा हक्क राखायला कुणी अडवत नाही. माहेरच्या समाधीवर ओटी भरायला येणाऱ्या बाईला पन्नाशीत परकं ठरवलेलं मी पाहिलं आहे. दुय्यम निबंधकापुढे सही करण्याआधी दस्त पूर्ण वाचून दाखवायला सांगा.

समाधीच्या पूजेसाठी एक एकर कायमची लिहून ठेवायची आहे.

अगदी असाच प्रकार सर्वोच्च न्यायालयापुढे 1953 मध्ये आला होता: सरस्वती अम्माळ विरुद्ध राजगोपाल अम्माळ. नवऱ्याच्या समाधीची नित्यपूजा, गुरुपूजा व्हावी म्हणून विधवेनं मिळकत लावून दिली होती. न्यायालयानं सांगितलं की सामान्य माणसाच्या समाधीची त्याच्या घरच्यांनी करायची पूजा हा कायद्यानं मान्य धर्मादाय हेतू नाही, म्हणून अशी कायमस्वरूपी देणगी टिकत नाही. संतपुरुषाची समाधी, जिथे लोक येतात, तिची गोष्ट वेगळी. तिचा सार्वजनिक न्यास होऊ शकतो. पण एकदा न्यास नोंदला की ती जमीन तुमच्या घरची राहत नाही, आणि विकायची झाली तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आजोबांना संत ठरवण्याआधी एवढा विचार करा. घरच्या समाधीसाठी मृत्युपत्रात एका मुलाच्या हिश्श्यावर देखभालीची जबाबदारी टाकलेली पुरते.

वडिलांची इच्छा आहे की त्यांना वावरातच ठेवावं. परवानगी लागते का?

नगरपालिका, महानगरपालिकेच्या हद्दीत नवी दफनाची जागा परवानगीशिवाय उघडता येत नाही. खेड्यात घरच्या वावरात समाधी देण्याची चाल जुनी आहे आणि जिथे ती आहे तिथे सहसा कुणी विचारत नाही. विचारतात ते गावात दुही असली की. जानेवारी 2025 मध्ये बस्तरमधल्या एका ख्रिस्ती मुलाला वडिलांचं दफन गावात करू देईनात, म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. नागरत्ना यांनी खाजगी जमिनीत दफनाला मान्यता दिली, न्या. शर्मा यांनी ठरलेल्या दफनभूमीचाच आग्रह धरला. मृतदेह 7 जानेवारीपासून शवागारात होता, म्हणून प्रकरण मोठ्या पीठाकडे न पाठवता वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करायला सांगितलं. म्हणजे "माझी जमीन, माझा बाप" हे प्रत्येक वेळी चालेलच असं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. जागा निवडताना विहीर, ओढा टाळा, आणि शक्यतो रस्त्याकडेच्या बांधाला घ्या. वावराच्या मधोमध दिलेली समाधी दोन पिढ्यांनी भांडण होते. बैठ्या समाधीसाठी खड्डा खोल लागतो. विभूती, मीठ, बेलाची पानं यांची तयारी लिंगायतांचे पुरोहित जंगमस्वामी करून घेतात, पण खड्डा कुठे घ्यायचा हे घरच्यांनीच ठरवायचं असतं आणि ते रडारडीत ठरतं. आधी ठरवून ठेवा.

समाधी दुसरीकडे हलवता येईल का?

नुसती रक्षेवरची घुमटी असेल तर पूजा करून, थोडी माती घेऊन नव्या जागी बांधतात. त्यात कायद्याचं काही नाही. पुरलेला देह मात्र स्वतःच्या हिमतीवर उकरू नका. वर्षं कितीही झाली असोत, आधी तहसीलदारांना अर्ज द्या आणि पोलीस पाटलाला कळवा. अर्ध्या रात्री जेसीबीनं केलेलं काम सकाळी वेगळ्याच संशयाचं कारण होतं.

महामार्गात जमीन जातेय, समाधी मधे आहे.

संयुक्त मोजणीच्या दिवशी हजर राहा. झाडं, विहीर, पाईपलाईन यांची यादी होते, त्यातच ओटा आणि घुमटी लिहून घ्या. जे पंचनाम्यात नाही त्याचा मोबदला नाही. गावच उठणार असेल तर 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसित गावठाणात समाजाच्या प्रथेप्रमाणे दफन किंवा दहनभूमी द्यायची तरतूद आहे. ती मागून घ्यावी लागते.

गावच्या समाजाच्या दफनभूमीत आमच्या घराण्याची वेगळी रांग आहे. ती आमची मालमत्ता का?

नाही. जमीन सरकारची, ग्रामपंचायतीची किंवा मठाची. रांग ही समाजानं एकमेकांच्या मानानं पाळलेली गोष्ट. ती विकता येत नाही, मृत्युपत्रात देता येत नाही.

वसईला चर्चच्या सिमेट्रीत आजोबांनी पैसे भरून कायमची कबर घेतली होती. ती कुणाच्या नावावर होते?

जमीन चर्चचीच राहते. पावतीनं मिळाला तो त्या जागेत दफन करण्याचा हक्क, आणि तो पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या धर्मग्रामाच्या, नियमांनी चालतो. बाहेरच्याला विकता येत नाही. भारतीय वारसा कायदा, 1925 प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि बाकी मुलामुलींना सारखं, पण कबरीचे असे हिस्से पडत नाहीत. पॅरिश सहसा एक नाव मागतं आणि बाकी वारसांची संमती. उत्तराधिकार प्रमाणपत्र काढायला धावू नका, ते येणी रक्कम आणि रोख्यांसाठी असतं. लागलाच तर 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खालचा वारस दाखला. मूळ पावती जपून ठेवा. गोव्यात हाच व्यवहार फाब्रिकाकडे, म्हणजे चर्चची मिळकत सांभाळणाऱ्या मंडळाकडे, असतो.

आणि कबरस्तानात?

तिथे वक्फची जमीन. कबर वारशानं येत नाही आणि हस्तांतर होत नाही. घरच्यांच्या शेजारी जागा मिळणं हे कमिटीवर आणि रिकाम्या जागेवर अवलंबून.

मी जमीन विकत घेतोय आणि वावरात थडगं दिसतंय. काय करू?

विकणाऱ्याला विचारा: कुणाचं, शेवटचं कधी कोण आलं होतं, कुठल्या वाटेनं. जमिनीतला महत्त्वाचा दोष लपवू नये हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नं त्याच्यावर बंधन आहे. पण त्याच्या उत्तरावर थांबू नका. अमावास्येला किंवा पितृपक्षात एकदा स्वतः जाऊन उभे राहा. ओट्यावर ताजा गुलाल, फुटक्या नारळाची करवंटी, विझलेली उदबत्ती दिसली, तर येणारी माणसं आहेत. त्यांना शोधा, इसाराआधी भेटा आणि त्यांच्या सहीनिशी वाट कुठून ते कागदावर घ्या. जाहीर नोटिशीवर हरकत घ्यायला ती माणसं येणार नाहीत, कारण ती वर्तमानपत्रातली नोटीस वाचत नाहीत.